पोर्टवरील त्वचेचे उपद्रव आणि वैद्याचे कर्तव्य

केमोथेरपी घेणारा रुग्ण हा आता केवळ मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांचा विषय राहिलेला नाही. आपल्या भागापुरते बोलावयाचे तर बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तेथेच सुरू झाली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधीचा जो अभ्यास २००९ साली जगभर गाजला, त्यातही बार्शीच्या या संस्थेचा वाटा होता. सोलापूर शहरात श्री सिद्धेश्वर कर्करोग रुग्णालय आहे. ज्यांना टाटा रुग्णालयात जावयाचे असते ते सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरतात. उपचार कोठेही होवोत, औषधाचा डोस एक-दोन दिवसांत संपतो आणि पुढचे अठरा-वीस दिवस रुग्ण आपल्या घरी, आपल्या गल्लीत, आपल्या गावात असतो. या अठरा-वीस दिवसांत काही खुपले, दुखले, खाजले तर तो प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो. तेव्हा त्याच्या छातीवर गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेआड जी लहान उंचवट्यासारखी वस्तू असते, तिच्यावरील त्वचेसंबंधी आपल्याला काय ठाऊक असावयास हवे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषयाकडे आम्ही वळलो ते स्वतःच्या चुकीमुळे, म्हणून ती प्रथम सांगतो. विडी वळण्याचे काम करणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई आमच्याकडे सांधेदुखीसाठी अनेक वर्षांपासून येत असत. डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि केमोथेरपीसाठी उजव्या बाजूस पोर्ट बसविला होता. चौथ्या डोसानंतर आठ-नऊ दिवसांनी त्या आल्या. पोर्टवर मसुराच्या डाळीएवढी काळपट खपली होती. भोवती किंचित लाली. पू नाही, दुखणे फारसे नाही. ताप आहे का, असे आम्ही विचारले. त्या नाही म्हणाल्या. थर्मामीटर लावला नाही. टाक्याची खपली असेल अशी समजूत करून घेऊन आम्ही जात्यादी तेल लावावयास दिले. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा धावत आला. खपली तेलाने मऊ होऊन निघाली होती आणि तिच्या जागी राखाडी रंगाचा धातू चकाकत होता. रात्री हुडहुडी भरून ताप आला होता. तो टाका नव्हता, त्वचेचे ते शेवटचे विरलेले ठिकाण होते. पोर्टवर खपली दिसणे ही स्वतंत्र आणि गंभीर खूण आहे, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

पोर्ट म्हणजे काय

वारंवार शिरेतून तीव्र औषधे दिल्याने हातांच्या शिरा कडक होतात, बंद पडतात. यावर उपाय म्हणून पूर्वी छातीतून बाहेर येणाऱ्या नळ्या वापरत असत. १९८२ साली अमेरिकन शल्यविशारद जॉन नीडरह्यूबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्णपणे त्वचेखाली राहणाऱ्या साधनाचा वापर प्रसिद्ध केला; आज आपण पाहतो तो पोर्ट त्याच परंपरेतील आहे. टायटॅनियमची किंवा कठीण प्लॅस्टिकची एक छोटी डबी, तिच्या तोंडाशी सिलिकॉनचा जाड पडदा आणि डबीला जोडलेली बारीक मऊ नळी, एवढीच त्याची रचना. डबी अक्षकास्थीच्या खाली, त्वचा व मांस यांच्यामधील कप्प्यात ठेवतात. नळी मानेतील किंवा अक्षकाखालील मोठ्या शिरेतून आत सरकवून तिचे टोक ऊर्ध्व महाशिरा जेथे हृदयाच्या उजव्या अलिंदास मिळते त्या संधीजवळ ठेवतात. औषध देताना त्वचेतून व सिलिकॉनच्या पडद्यातून विशिष्ट सुई आत घालतात. औषध संपले की सुई काढून टाकतात. एरवी बाहेर काहीच दिसत नाही. रुग्ण स्नान करतो, कामावर जातो. काहींना दंडातही पोर्ट बसवितात.

रुग्ण या वस्तूला पोर्ट म्हणेलच असे नाही. ‘छातीत मशीन बसवलंय’, ‘बटन आहे’, ‘पाईप आहे’ असे काहीही तो सांगतो. हृदयाच्या पेसमेकरलाही लोक मशीनच म्हणतात आणि तोही त्याच भागात, बहुधा डाव्या बाजूस असतो. पेसमेकर चपटा व मोठा असतो. पोर्ट रुपयाच्या नाण्याएवढा, परंतु उंच असतो आणि त्यावरील त्वचेवर सुयांच्या बारीक खुणा असतात. संशय असल्यास रुग्णालयाने दिलेले कार्ड मागावे. वरची त्वचा विरली तर दोन्हींत धोका सारखाच आहे, एवढे येथे पुरे. हाताच्या शिरेतून आत जाऊन बाहेर टोक राहणारी नळीही आता पुष्कळांना लावतात. तिचा प्रकार वेगळा. तिचे तोंड उघडे असते आणि पट्टी दर आठवड्यास बदलावी लागते.

त्वचा का विरते

ज्यांनी सोलापूरच्या मागावरची चादर वर्षानुवर्षे वापरली आहे त्यांना ठाऊक आहे की चादर मध्येच फाटत नाही. ज्या जागी रोज घासते ती जागा आधी विरते, उजेडाकडे धरली तर आरपार दिसू लागते आणि मग एके दिवशी बोट आत जाते. पोर्टवरच्या त्वचेचे अगदी असेच होते. डबीच्या कडा आतून टेकलेल्या असतात. डबी फार वरवर बसविली असेल, शस्त्रक्रियेची रेषा नेमकी तिच्या माथ्यावर आली असेल, दर वेळी सुई एकाच छिद्रातून घातली जात असेल, तर त्वचेचा पोषणमार्ग त्या जागी हळूहळू बंद होतो. त्यात रुग्णाचे वजन घटत असते. पोर्ट बसविला त्या दिवशी त्वचेखाली जो मेद होता तो तिसऱ्या-चौथ्या डोसापर्यंत उरत नाही. आपल्या परिभाषेत मांसमेदक्षय झालेला असतो आणि डबी आयतीच वर येते. छातीवर किरणोपचार झाले असतील तर त्वचेची भरून येण्याची शक्ती मुळातच उणावलेली असते. काही कर्करोगांत बेव्हॅसिझुमॅब हे औषध देतात. ते नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते, म्हणून पोर्ट बसविल्यानंतर थोड्याच दिवसांत ते दिले गेल्यास टाके उसवण्याचा संभव वाढतो. स्टिरॉइड, मधुमेह, कमी झालेली प्रथिने ही कारणे आपल्या परिचयाचीच आहेत.

याशिवाय आपल्याकडची कारणे आहेत, ती इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. पदर पोर्टवरून घट्ट ओढून खोचलेला असतो. अंतर्वस्त्राचा पट्टा नेमका डबीवरून जातो. पुरुष रुग्ण ओझे खांद्यावर घेतो, पिशवीचा पट्टा त्याच बाजूला अडकवितो. लहान मूल कडेवर घेतले की त्याचे डोके तेथेच आपटते. रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांत उपचार दोन-अडीच वर्षे किंवा अधिक चालतात, पोर्ट तितका काळ राहतो आणि मूल दंगामस्ती करावयाचे थांबत नाही. आमच्या त्या बाईंच्या बाबतीत पट्टाच कारणीभूत झाला असावा असे आम्हास वाटते. पट्ट्याची खूण त्वचेवर स्पष्ट होती आणि आम्ही ती पाहिली होती.

सुश्रुतांची कसोटी येथे कशी लावावी

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने विचार केला तर पोर्ट हे हेतुपुरस्सर ठेवलेले शल्य आहे. रुग्णाच्या हितासाठी ठेवले आहे म्हणून त्याचे शल्यत्व जात नाही. त्यावर व्रण झाला की तो सशल्य व्रण होय, आणि शल्य आत असेतो व्रणाचे रोपण होत नाही हा सिद्धान्त येथे अक्षरशः लागू पडतो. त्वचा उघडून डबी दिसू लागली की ती जंतुदूषित झाली असे धरून शल्यविशारद बहुधा ती काढून टाकतात. वरून कितीही उत्तम रोपण तेल लावले तरी त्या धातूवर त्वचा येत नाही. शिवाय जंतू धातूवर व नळीच्या आतील बाजूस एक चिकट थर करून राहतात आणि त्या थरात प्रतिजैविकेही पुरेशी पोहोचत नाहीत.

सूत्रस्थानातील आठ व्रणवस्तूंपैकी हा व्रण वरून पाहता केवळ त्वचेचा वाटतो. वस्तुतः त्याचा संबंध सिरेशी आहे आणि सिरेतून थेट हृदयाशी, म्हणजे सद्यःप्राणहर मर्माशी आहे. त्वचेवरील जंतू नळीच्या मार्गाने रक्तात मिसळावयास फार वेळ लागत नाही. मसुराएवढ्या खपलीचे महत्त्व यात आहे.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आमपक्वैषणीय अध्यायात शोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा अवस्था सांगितल्या आहेत. आम शोथ फोडणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा या दोघांनाही सुश्रुतांनी सारखेच दोषी धरले आहे. आपण सर्वजण याच कसोटीवर वाढलो. शोथ लाल आहे, उष्ण आहे, ठणकतो आहे म्हणजे पच्यमान; वर पांडुता आली, वळ्या पडल्या, दाबले तर खळगा पडतो म्हणजे पक्व. केमोथेरपीच्या रुग्णात ही कसोटी फसते. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. पू हा मुख्यतः याच पेशींचा बनतो. पेशीच नसतील तर पू कोठून येणार? लालीही नाममात्र असते, शोथही थोडा असतो. पाकाची लक्षणे नाहीत म्हणून शोथ आम आहे असा निष्कर्ष आपण काढतो आणि आतमध्ये जंतू मात्र निर्वेध वाढत असतात. आमच्या हातून नेमके हेच घडले. लाली किंचित, पू नाही, दुखणे नाही, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो; वास्तविक त्या दिवशी, आठव्या-नवव्या दिवशी, तीच लक्षणे चिंतेची होती.

म्हणूनच आम शोथात प्रथम योजावयाचे जे उपक्रम, विम्लापन, अवसेचन व उपनाह, ते तिन्ही पोर्टच्या बाबतीत त्याज्य समजावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. चोळल्याने डबी कप्प्यात उलटू शकते, नळी सरकू शकते, विरलेली त्वचा फाटू शकते. जळौका लावल्यास, रक्तातील बिंबाणूही कमी झालेले असल्याने रक्त थांबत नाही. शिवाय जळवेच्या पोटातील जंतू क्षीण रुग्णाच्या रक्तात जाऊन गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे आधुनिक वैद्यकाने नोंदविली आहेत. उपनाह, लेप, कल्क यांतील वनस्पतिद्रव्य निर्जंतुक नसते. निरोगी माणसाच्या गळवावर जे चालते ते येथे चालत नाही. हळद, कोरफड, मध, निंबकल्क, सर्वांविषयी आम्ही हेच म्हणतो. यात औषधाच्या गुणाला कमीपणा आणण्याचा हेतू नाही. प्रश्न स्थानाचा आहे.

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांनी अभ्यंग-स्वेदाच्या वेळी पोर्टची बाजू सोडून द्यावी हे ओघाने आलेच. खरे तर केमोथेरपी चालू असताना शोधन कर्म करूच नये असे आम्हास वाटते. ज्यांचे मत निराळे आहे त्यांनीही रुग्णाच्या कर्करोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय हात घालू नये.

घरगुती उपायांचा उल्लेख टाळून चालणार नाही. आपल्या खेड्यांत खांदा धरला, छाती भरली की बिबवा घालतात, क्वचित डागही देतात. पोर्ट बसविल्यावर पहिले काही दिवस खांदा व मान आखडतेच. त्यावर कोणी वडीलधाऱ्याने बिबव्याचा ठिपका दिला आणि तो उतला, तर त्वचेचे जे होईल ते वेगळे सांगावयास नको. रुग्णास प्रथम भेटीतच हे स्पष्ट बजावावे. नात्यातील वृद्ध मंडळी सोबत असतील तर त्यांनाच बजावावे, कारण निर्णय बहुधा त्यांचाच असतो.

काय दिसले तर काय समजावे

सर्वच लाली घातक नसते. तसे समजून प्रत्येक रुग्णास घाबरविणेही योग्य नाही. सर्वांत अधिक आढळते ती चिकटपट्टीची अॅलर्जी. तिची सीमा चौकोनी, पट्टीच्या कडेबरहुकूम असते. खाज मुख्य असते, ठणका नसतो, ताप नसतो, आणि डबीवरील त्वचा दाबून पाहता पूर्ववत जाड लागते. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा पारदर्शक पट्टीखाली घामोळे येते, तेही याच वर्गातले. सुई लावलेली नसेल तर पट्टीची गरजच नसते. ती काढून जागा कोरडी व मोकळी ठेवली की दोन-तीन दिवसांत फरक पडतो. रुग्णालयात पुढच्या वेळी दुसऱ्या प्रकारची पट्टी वापरण्यास सांगावे. पोर्ट बसविल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात निळसर-हिरवट डाग दिसतो तो साकळलेल्या रक्ताचा. तो पसरत व ताणत नसेल तर आपोआप जिरतो.

छातीच्या एकाच बाजूस, पट्ट्यासारखे, द्राक्षाच्या घोसासारखे फोड आणि त्याआधी दोन दिवस आग व वेदना असेल तर ती नागीण. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णात ती पसरू शकते. गेरूचा लेप लावून आठ दिवस थांबण्याचा हा प्रसंग नव्हे. विषाणुविरोधी औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो.

आता घातक चिन्हे. पोर्टवर कोठेही खपली, चिघळणे, त्वचा चकचकीत व कागदासारखी पातळ होऊन आतील डबीचा रंग जाणवणे, कप्प्याभोवती शोथ, उष्णता, स्पर्शासहत्व, नळीच्या मार्गाने मानेकडे जाणारी लाल रेषा, टाक्यांतून पाझर. यांपैकी एकही असेल तर त्याच दिवशी रुग्ण पाठवावा. त्याचबरोबर, पोर्ट धुवून घेतल्यानंतर किंवा त्यातून सलाइन सुरू केल्यानंतर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप येणे ही नळीतील संसर्गाची फार बोलकी खूण आहे, मग वरची त्वचा कितीही स्वच्छ दिसो. ताप हा शब्द येथे सैलपणाने घेऊ नये. केमोथेरपीच्या रुग्णात एकदाच १०१ अंश फॅरनहाइट, किंवा तासभर १००.४ अंश टिकणारा ताप ही आणीबाणी मानतात, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे असा दंडक आहे. अशा वेळी गोदंती, महासुदर्शन चूर्ण अथवा पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे म्हणजे तो तास घालविणे होय. पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो हा आणखी एक तोटा.

हात, मान किंवा चेहरा एका बाजूने सुजणे, छातीवर शिरांचे जाळे उठून दिसणे हे शिरेत रक्त साकळल्याचे लक्षण असते. वातशोथ समजून तेल चोळले तर गाठ सुटून फुप्फुसात जाण्याचे भय असते.

औषध शिरेबाहेर झिरपण्याचा उपद्रव वेगळा आणि अधिक भयंकर. डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात, किंवा व्हिन्क्रिस्टिन यांसारखी औषधे शिरेत असेतोच सुरक्षित असतात. पोर्टमध्ये सुई नीट बसली नाही, अर्धवट निघाली किंवा नळी डबीपासून सुटली तर औषध त्वचेखाली जाते. डॉक्सोरुबिसिनचा दाह ताबडतोब फारसा जाणवतोच असे नाही. काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, त्वचा काळी पडून खोल व्रण होतो आणि तो महिनोन्‌महिने भरत नाही. तेव्हा ‘डोस घेताना येथे आग होत होती का, फुगले होते का’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारावा. शेकाविषयी येथे सावध राहावे. डॉक्सोरुबिसिन झिरपल्यास थंड पट्टी ठेवतात, उष्णतेने हानी वाढते. व्हिन्क्रिस्टिन झिरपल्यास नेमके उलट, उबदार पट्टी ठेवतात. कोणते औषध गेले हे कागदावर पाहिल्याशिवाय विटेचा, मिठाचा किंवा वालुकेचा शेक सुचवू नये.

औषध विक्रेत्यांसाठी

आपल्या सभासदांत औषधालयांचे चालक बरेच आहेत. त्यांच्याकडे पोर्टसंबंधी तीन वस्तू मागितल्या जातात. पहिली सुई. पोर्टसाठी ह्यूबर सुई लागते. तिचे टोक असे वळविलेले असते की ती सिलिकॉनला छेद देते, परंतु त्याचा तुकडा काढीत नाही. साध्या सुईने पडद्याचे बारीक कण निघतात, पडदा गळू लागतो आणि औषध त्वचेखाली झिरपते. ह्यूबर सुई नाही म्हणून ‘त्याच नंबरची’ साधी सुई देऊ नये. सुईची लांबीही रुग्णाच्या त्वचेच्या जाडीनुसार ठरते. आखूड सुई पडद्यापर्यंत पोहोचत नाही आणि फार लांब सुई बाहेर उंच राहून हिंदकळते. चिठ्ठीवर लिहिली असेल तीच द्यावी.

दुसरी वस्तू सिरिंज. पोर्ट धुण्यासाठी १० मिलिलिटर किंवा त्याहून मोठी सिरिंज वापरतात. लहान सिरिंजने दाब अधिक निर्माण होतो व नळी फुटू शकते. दहाची नाही म्हणून पाचच्या दोन देण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही.

तिसरी वस्तू हेपॅरिन, आणि येथे सर्वाधिक दक्षता हवी. पोर्ट धुण्यासाठी वापरतात ते द्रावण फार सौम्य, साधारणपणे मिलिलिटरला १० ते १०० युनिट असते. बाजारात मिळणाऱ्या ५ मिलिलिटरच्या कुप्या मात्र मिलिलिटरला १,००० किंवा ५,००० युनिट अशा असतात. दुसऱ्या प्रकारच्या एका कुपीत २५,००० युनिट होतात. कुप्या दिसावयास सारख्याच. चिठ्ठीवरील आकडा मिलिलिटरचा की संपूर्ण कुपीचा, हे फोन करून विचारावयास कमीपणा वाटू देऊ नये. पोर्ट धुणे हे प्रशिक्षित परिचारिकेचे काम आहे. गल्लीतील दवाखान्यात ‘एक इंजेक्शन पोर्टमधून देऊन टाका’ अशी विनंती आली तर ती नाकारावी. उपचार संपल्यावरही पोर्ट ठेवला असेल तर तो ठरावीक काळाने धुवावा लागतो. पूर्वी दर चार आठवड्यांनी सांगत, आता अनेक केंद्रे त्याहून अधिक अंतर ठेवतात. आपल्या रुग्णाचे अंतर त्याच्या कार्डावर पाहून त्यास आठवण करणे, एवढे काम दुकानदार सहज करू शकतो.

याखेरीज गिऱ्हाईक वेदनाशामक मलम, कापूरयुक्त बाम किंवा औषधी पट्टी मागू लागले आणि ती खांद्यासाठी किंवा छातीसाठी असेल तर एकच प्रश्न विचारावा, ‘तेथे पोर्ट आहे का?’ आणि पोर्टची जागा लाल झाली म्हणून कोणी प्रतिजैविकाच्या चार गोळ्या मागितल्या तर देऊ नयेत. अर्धवट प्रतिजैविकाने जंतू मरत नाहीत, मात्र पुढे रुग्णालयात रक्ताची जंतुपरीक्षा केली तर ती खोटी निर्दोष येते आणि नेमके कोणते औषध द्यावे हे कळेनासे होते.

रुग्ण पाठविताना

पाठवावयाचे ठरले की खपली काढू नये, व्रण धुवू नये, पिळून पाहू नये. निर्जंतुक कोरडा गॉज ठेवून हलकी पट्टी करावी. ताप मोजून वेळेसह लिहावा. शेवटचा डोस कोणत्या तारखेस झाला, पोर्ट शेवटचा केव्हा वापरला, आपण किंवा घरच्यांनी काय लावले, हेही लिहावे. आपण लेप लावला असेल तर तो लिहिण्यास संकोच करू नये. आम्ही जात्यादी तेल लिहून दिल्याचे चिठ्ठीत नमूद केले होते आणि त्याबद्दल कोणी आम्हास बोल लावला नाही. उलट त्या शल्यविशारदांनी फोन करून आणखी दोन गोष्टी विचारल्या. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडील किंवा सीमेपलीकडील इंडी, विजयपूर भागातील रुग्णास घरी जाऊन मग निघण्यास सांगू नये. दवाखान्यातूनच वाहनाची सोय करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर ते कागद व शिधापत्रिका मागाहून कोणीतरी आणू शकते.

वैद्याने आपल्या अधिकारात करावयाचे कामही पुष्कळ आहे. दर भेटीत पोर्टवरची त्वचा उजेडात, पदर बाजूस करवून, पाहावी. स्त्री रुग्णांच्या बाबतीत संकोचामुळे हे राहून जाते, तेव्हा सोबतच्या स्त्रीस किंवा आपल्या परिचारिकेस पाहावयास शिकवावे. वजन नोंदवावे. तोंड आलेले असते, अन्नावर वासना नसते, त्यामुळे मांसक्षय होतो आणि त्वचा विरते, हा क्रम आपण मध्येच तोडू शकतो. मुगाचे कढण, दूध, तूप, मांसाहारी असल्यास मांसरस, थोडे थोडे आणि वारंवार. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चे व उघड्यावरचे अन्न मात्र वर्ज्य करावे. पट्टा व पदर दुसऱ्या खांद्यावर घेण्यास सांगावे. ते जमत नसेल तर पट्ट्याखाली मऊ सुती घडी ठेवावी.

आमच्या त्या बाईंचा पोर्ट त्याच दिवशी काढावा लागला. शिरेतून दहा दिवस प्रतिजैविक चालले, डोस तीन आठवडे लांबला, आणि उरलेले डोस दंडातील नळीतून पूर्ण झाले. पोर्टचा कप्पा शिवून न टाकता उघडा ठेवला होता. रुग्णालयाच्या पट्टीने तो सुमारे महिनाभरात भरून आला. शल्य निघाल्यावर व्रण भरला, यात नवल नव्हते. व्रण पूर्ण बंद होऊन रक्ततपासणी समाधानकारक आल्यावर, त्यांच्या तज्ज्ञांस विचारून, व्रणवस्तूवर आम्ही तेल सुरू केले. त्यांनी ते हातात घेतले, बाटली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “डॉक्टर, या वेळी नक्की लावू ना?” तेव्हापासून आमच्या केसपेपरवर नाव-वयाच्या खाली ‘शरीरात बसविलेले साधन आहे का’ अशी एक ओळ छापून घेतली आहे, आणि टेबलावर थर्मामीटर असतो.